दादाच्या लाकडांचा कोळसा

दादा गेला तेव्हा धाकट्याला रडू आलं नाही. लोक म्हणाले, घट्ट काळजाचा. पण काळीज घट्ट नव्हतं, बधिर झालं होतं. एकतीस वर्षं दोघा भावांनी एकाच पत्र्याखाली सुतारकाम केलं. एकाने करवत चालवायची, दुसऱ्याने फळी धरायची. आता फळी धरायला कोणी नव्हतं.

वर्कशॉपमागे लाकडाच्या तुकड्यांचा डोंगर होता. दादा काही टाकूच द्यायचा नाही. आता जागा सोडायची होती. धाकटा सगळं पेटवून द्यायला निघाला, तशी वहिनी आडवी आली.

"भाऊजी, राख करू नका, कोळसा करा. रोपवाटिकेतल्या बाई सांगत होत्या, जाळलं की सगळं धूर होऊन हवेत जातं. कोळसा केला की बराचसा भाग शेकडो वर्षं मातीत राहतो."

"शेकडो वर्षं बघायला कोण बसलंय?"

"नसेना का. परसातली जमीन दगड झालीय, तेवढं तरी सुधारेल."

त्याने हो म्हटलं, कारण नाही म्हणायलाही जोर लागतो.

प्लायवूड आणि रंगवलेलं लाकूड त्याने बाजूला काढलं. तळाशी निमुळता होत जाणारा खड्डा खणला, लाकूड रचून वरून पेटवलं. निखाऱ्यांवर पांढरी राख धरली की पुढचा थर. शेवटी भरपूर पाणी, म्हणजे राख न होता कोळसा उरतो. काही तुकड्यांवर दादाच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्याने त्या पाहिल्या आणि तुकडे आत टाकले.

कोळसा कुटून त्याने तसाच वाफ्यात मिसळला. त्यात लावलेला घेवडा महिन्याभरात पिवळा पडला. रोपवाटिकेतल्या बाई येऊन बघून गेल्या. "अहो, कोरा कोळसा उपाशी असतो. मातीतलं खत आधी तोच गिळतो. दोन आठवडे शेणखताच्या पाण्यात भिजवायचा, मग घालायचा."

"जन्मभर मोजून कापलं, आणि इथे न विचारता ओतलं," तो म्हणाला. वहिनी खुदकन हसली, दादा गेल्यापासून पहिल्यांदाच. त्याच्या ते लक्षात आलं, एवढंच.

पुढचा कोळसा पिंपात मुरला. वेल मांडवभर पसरले. पहिली टोपली घेऊन वहिनी पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. तो शेजारी बसला. टोपलीतल्या शेंगा सोलू लागला.

वर्कशॉप सुटलं. रोपवाटिकेने त्याला छाटलेल्या फांद्या आणि मागचा कोपरा दिला. तिथे तो आठवड्यातून तीनदा खड्डा पेटवतो. रडू अजून आलेलं नाही.

"आलं तर येऊ द्या, अडवू नका," वहिनी म्हणते.

"बरं," तो म्हणतो, आणि बादली भरायला उठतो.