घडी न पडलेली पत्रकं

पत्रक वाचलं गेलं की नाही, हे आमच्या घरात घडीवरून ओळखत. कामावरून सुटलेला माणूस कागद उभ्याउभ्या वाचतो, चौघडी करतो आणि शर्टाच्या खिशात टाकतो. बाबा रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीत होते आणि कामगारांसाठी पत्रकं लिहीत. पत्रकं वाटून झाली की चहाच्या टपरीवर बसून ते लोकांचे खिसे न्याहाळत. पत्रकावर नाव घालायचं नाही, हा त्यांचा नियम. एकही प्रत घरी ठेवायची नाही, हा दुसरा. उरली तर काम अर्धं राहिलं. त्यामुळे ज्या कागदांवर मी अक्षरं शिकले, त्यातला एकही आज आमच्याकडे नाही.

गेल्या महिन्यात मी आमच्या या हिंदी मुलखातल्या शहरात, तेलीबांध्याच्या पुढे झालेल्या नव्या कलासंग्रहालयात गेले. सध्या तिथे तीन प्रदर्शनं चालू आहेत. खाली जंगलाचे फोटो, ज्यांचं जंगल तुटतंय त्यांच्याशिवाय. शेजारच्या अंधाऱ्या खोलीत चारही भिंतींवरच्या व्हिडिओत सरकत्या पट्ट्यावरून कोळसा पडत राहतो आणि लोक मऊ गाद्यांवर बसून तो बघतात. वरच्या मजल्यावर कागद. एका भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एकच पत्रक शेकडो वेळा चिकटवलेलं. पहिल्याच ओळीला माझे पाय थांबले. ‘मुँह पर गमछा बाँधने से धूल नहीं रुकती, भाई.’

भनपुरीच्या एका कारखान्यातल्या धुळीवर बाबांनी लिहिलेलं ते पत्रक होतं. छातीची तपासणी मागा, रविवारी विहारामागच्या मैदानात या. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं: गुढियारीच्या एका कबाड्याकडून मिळालेला गठ्ठा, लेखक अज्ञात.

मी पेटले. घरी येऊन त्याच रात्री पत्रक लिहिलं, झेरॉक्स काढल्या. मागणी एकच, पाटीवर लेखकाचं नाव. बाबा हसले. “नाव कायले पाह्यजे? आपण कधी टाकलं काय?” पण भिंतीवरचं ते जुनं पत्रक त्यांना एकदा पाहायचं होतं.

साहजिक होतं. त्या पत्रकाची गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबांची ड्युटी होती, म्हणून गुढियारीचे काका, बाबांचे जिवलग मित्र, सगळा गठ्ठा घेऊन एकटेच भनपुरीच्या गेटवर गेले. परत येऊन म्हणाले, भोंगा वाजायच्या आत एक उरलं नाही. रविवारी मैदानात चिटपाखरू आलं नाही. बाबा मला सांगायचे, लोकांनी वाचलं होतं, फक्त ते भ्याले. भ्यालेल्या माणसाला नावं ठेवू नये, त्याच्याकडे पुन्हा जावं. माझं सगळं राजकारण या एका गोष्टीवर उभं आहे. लोकांना माहीत असतं, भीती तेवढी काढायची असते.

रविवारी बाबांना वर पाठवून मी काउंटरवर भांडायला थांबले. तिथल्या मुलीने दीदी, दीदी करत सगळं ऐकून घेतलं आणि नम्रपणे पुरावा मागितला. मूळ प्रत, सही, काहीही. आमच्याकडे काहीच नव्हतं, आणि नसणं हाच आमचा अभिमान होता.

वर गेले तर बाबा भिंतीला नाक लावून उभे. पुरावा मागताहेत, मी म्हणाले. त्यांनी ऐकलंच नाही.

“एकावरही घडी नाही,” ते म्हणाले.

मी पाहिलं. वरपासून खालपर्यंत सपाट कागद. कडेला प्रत्येकावर एकाच जागी सुतळीचा व्रण.

“काकांकडे थोडी उरली असतील, बाबा.”

“पोरी, हे उरलेले नोहेत. हे सगळेच हायेत.” त्यांनी सुतळीचा तो व्रण बोटाने दाखवला. मग म्हणाले, “थे लोक भ्याले नव्हते. त्याइले मालूमच नव्हतं.”

काका जाऊन बरीच वर्षं झाली. गेटवर त्यांना कोणी दम दिला, की तेच भ्याले, की नुसते दमले होते, कोणाला विचारणार. त्या कारखान्यातून खोकत बाहेर पडलेली माणसं मात्र आमच्या पाऱ्यात, आमच्याच मोहल्ल्यात होती. त्यांच्या मयतीला बाबा गेले होते आणि घरी येऊन म्हणाले होते, आपण तर सांगितलं होतं.

“अंकल, थोड़ा पीछे,” गार्ड म्हणाला. बाबांनी त्याची माफी मागितली, चष्मा काढून खिशात ठेवला आणि जिना उतरले.

बाहेर उन्हात बसची वाट बघताना माझ्या पिशवीत माझा गठ्ठा तसाच होता. एक पत्रक काढून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागदाकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग एक घडी घातली, दुसरी घातली आणि पत्रक खिशात सरकवलं, चष्म्याच्या शेजारी.

“चांगलं लिहिलं,” ते म्हणाले.

टपरीवर बसून त्यांनी आयुष्यभर जे खिसे पाहिले, ते मला तेव्हा आठवले.