खाजकुयलीची पूड आणि ताईचे आठ दिवस

"मामा, आई गेली…" भाच्याने फोनवर एवढंच सांगितलं. त्याला आता पाच आठवडे झाले. माणसं भेटायला येतात, वत्सलाताईच्या संशोधनाबद्दल विचारतात आणि मी दरवेळी चांगलं तेवढं सांगतो. एक गोष्ट मात्र राहून जाते. ती आज लिहितो.

सत्तरच्या दशकात आम्ही भिवंडीजवळ पूर्ण्याला राहायचो. वडील, म्हणजे आबा, कामतघरच्या कापड कारखान्यात लूम चालवायचे. पन्नाशीत त्यांचा उजवा हात थरथरू लागला. तुटलेला धागा जोडता येईना, तेव्हा मालकाने त्यांना राखणदार म्हणून दारावर बसवलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. त्यावरची परदेशी गोळी भिवंडीत शोधूनही मिळत नसे. ताई मुंबईतल्या एका प्रयोगशाळेत याच रोगावरचं औषध शोधत होती. आमच्या बांधावर खाजकुयली माजायची, अंगाला लागली की नुसती आग. तिच्या बियांत त्या गोळीतलंच द्रव्य असतं. सुट्टीच्या दिवशी ताई हाताला फडकी गुंडाळून शेंगा तोडायची, बियांची पूड करून डब्यात भरायची आणि लागेल तशी कामावर न्यायची.

"घरातच औषध हाय, मंग बापाला द्यायला तुझा हात का आखडतो?" आबा विचारायचे.

"आबा, दर झाडाच्या बीत त्याचं प्रमाण वेगळं निघतंय. किती द्यायचं हे मलाच अजून कळलेलं नाही."

जेवताना तिची नजर आबांच्या हातावर असायची आणि आईची तिच्यावर.

एका हिवाळ्यात तो हात स्थिरावू लागला. आबांनी चहाची बशी उचलली, थेंबही न सांडता. आईने पदर डोळ्यांना लावला. ताईने विचारलं, "आबा, काय घेताय?"

"काय न्हाय. थंडीनं बरं वाटतंय."

मी खुशीत होतो, पण ताईचं जेवण तुटलं. सकाळी आबांकडे बघत उंबऱ्यावर बसून राहायची, कामावर जायची ठाण्याची एसटी निघून जायची…

आठव्या दिवशी, रविवारी दुपारी, आबा ओटीवरून उठले, दोन पावलं चालले आणि कोसळले. डोकं पायरीवर आपटलं. शुद्ध नव्हती, मान आणि हात वेडेवाकडे हलत होते. कापडाचे तागे नेणारा एक टेम्पो थांबवून आम्ही त्यांना आत घातलं. धामणकर नाक्यावर गाड्या अडकल्या तेव्हा ड्रायव्हर खाली उतरून ओरडत सुटला, "मरीज है भाई, हटो!" ताई आबांची नाडी मोजत होती. मोजणं चुकायचं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध दिलं होतं?"

"माझ्या डब्यातली पूड," ताई म्हणाली.

आईचा बांध फुटला. "मी देत व्हते दुधातून. हिला ठाव न्हवतं."

"ठाऊक होतं," ताई म्हणाली.

बाहेर बाकावर ती माझ्याशी बोलली. "डबा हलका झालेला मला दुसऱ्याच दिवशी कळला, विलास. मी पुन्हा विचारलं नाही… आबांचा हात थांबला होता ना. मला बघायचं होतं."

लेकीला बघायचं होतं की संशोधकाला, हे मी कधी विचारलं नाही. तिलाही सांगता आलं असतं का, कोण जाणे.

मात्रा जास्त झाल्याने उठताच रक्तदाब उतरला, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी आबा बोलू लागले. ताईने घडलेलं सगळं लिहून आपल्या साहेबांपुढे ठेवलं. मी अडवत होतो, कुणाला कळणार आहे? ती म्हणाली, "कळायलाच हवं. उद्या दुसरं कुणी पडेल." तिला त्या कामावरून वर्षभर दूर ठेवलं. परत घेतल्यावर तिने आधी मात्रेचा प्रश्न हातात घेतला. पुढे डॉक्टरांच्या देखरेखीखाली आबांना मोजून औषध मिळालं. लूम काही पुन्हा हाती आला नाही, पण शेवटपर्यंत ते आपल्या हाताने जेवले. ताईच्या नावावर औषध कधीच बाजारात आलं नाही.

मात्र आबा पडले त्या दिवसापासून समोरचं कुणीही उठू लागलं की तिचा हात आपोआप पुढे यायचा. धडधाकट पाहुणे हसायचे. शेवटच्या भेटीत मी इस्पितळातून निघायला उठलो, तर सलाईन लावलेला हात चादरीबाहेर काढून तिने माझ्या कोपराखाली धरला. "सावकाश…" म्हणाली. हल्ली खुर्चीतून उठताना मी क्षणभर तसाच थांबतो, कोपर जरा बाजूला काढून.