दुपारची ओहोटी

खाडीकाठच्या गल्लीत तिला सगळे शिंपलेवाली म्हणत. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं, शिंपले काढायचे आणि पाणी फिरायच्या आत काठ गाठायचा. ओहोटी रोज पाऊण तासाने पुढे सरके. तिची मोकळीक मात्र जागची हलत नसे.

तिचे वडील जन्मभर तरीवर, म्हणजे उतारूंना खाडीपार नेणाऱ्या होडीवर, नावाडी होते. आता त्यांना दुसरं काही आठवत नसे, पण पलीकडे उतारू खोळंबलेत एवढं डोक्यात पक्कं होतं. दार उघडं दिसलं की ते सरळ पाण्याकडे निघत. शेजारची इस्त्रीवाली मावशी दुपारी दोन ते चार त्यांच्यापाशी बसायची. म्हणजे ओहोटी त्या वेळेत आली तरच शिंपले. पंधरवड्यातले जेमतेम तीन-चार दिवस.

"लग्न केलं नाहीस ते बरं," मावशी म्हणायची. "नवरा आणि समुद्र, दोघांचे नखरे कुठवर सांभाळले असतेस?"

एकदा उधाणाच्या दिवसांत सकाळी नऊलाच पाणी लांबवर ओसरलं. वडिलांचा नुकताच डोळा लागला होता. तिने बाहेरून कुलूप घातलं, किल्ली गळ्यात अडकवली आणि निघाली.

वेळ वाचवायला ती आडवाटेने गेली. येताना डावा पाय गुडघ्यापर्यंत रुतला. तो ओढताना उजवाही गेला. तिने हाका मारल्या. बाकीच्या बायका केव्हाच काठाला लागल्या होत्या. मागच्या घळीतून पाणी आत शिरू लागलं.

मी गेले तर दार कोण उघडणार, हे तिच्या मनात आलं. त्यामागोमाग आलं, सुटेन तरी. पाण्यापेक्षा या दुसऱ्या विचारानेच तिला घाम फुटला.

चिखलात रुतलं की आडवं व्हायचं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण घाबरलेल्या माणसाला उभंच राहावंसं वाटतं. शेवटी ती पाठीवर पडली. एकेक पाय हलवत सोडवला आणि कोपरांवर सरपटत निघाली. टोपली तिथेच राहिली.

दार उघडलं तेव्हा वडील उंबऱ्याशी बसले होते. दार ओरबाडून बोटं सोलवटली होती.

"पोरी, बरं झालं आलीस," ते हळूच म्हणाले. "आत कुणीतरी अडकलंय."

तिने त्यांचे हात धुतले, मग स्वतःचे पाय. संध्याकाळी मावशीला सगळं सांगितलं. तो दुसरा विचार मात्र सांगितला नाही.

पुन्हा तिने बाहेरून कुलूप घातलं नाही. दुपारची ओहोटी नसेल तेव्हा ती दुसऱ्यांचे शिंपले घरी सोलून देऊ लागली, दाराला पाठ टेकून. अशी चार वर्षं गेली. खिडकीतून पाणी जाताना दिसे, येताना दिसे.

"आज गेली नाहीस?" वडील विचारत.

"आज वेळ जुळत नाही, बाबा," ती म्हणे, आणि पुढचा शिंपला हातात घेई.