कॅरव्हॅनच्या तळाला भोक

सासरे एडिनबराला आले त्या संध्याकाळी मी हॅडॉक माशाचं कालवण केलं होतं. दोन दिवस आधीपासून तयारी. चिंच भिजवली, मसाला भाजताना स्मोक अलार्म दोनदा वाजला, खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन बघून गेल्या. बाबा टेबलापाशी बसले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "मासे सोडले मी. भाजी काही आहे का?"

अहो बाप्पा! मालवणचा माणूस आणि मासे सोडले? माझ्या डोक्यात सणक गेली. मी नागपूरची. लग्नानंतर सासूबाईंनी मला कधी माशाच्या भांड्याला हात लावू दिला नाही. "तू पोळ्या लाट, मासे मी बघते," एवढंच म्हणायच्या, हसून. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, पण मला ते लागायचं. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. आता बाबांनी माझ्या पहिल्याच कालवणाला हात न लावता ताट सरकवलं, तेव्हा मला वाटलं, हे सोडणं-बिडणं काही नाही, विदर्भातल्या पोरीच्या हातचं नको, एवढाच अर्थ. त्या रात्री मी नवऱ्याला सांगून टाकलं, "तुझे बाबा परत जायच्या आत माझ्या हातचा मासा खाऊन जातील. नाहीतर नावाची मी नाही."

नवरा म्हणाला, "त्यांना त्रास देऊ नकोस गं." पण तोही काळजीत होता. सहा महिन्यांसाठी आणलेला बाप खुर्चीत बसायचा तो बसायचाच. वरण-भात औषधासारखा गिळायचा. शाळेत हेडमास्तर होते, गणित शिकवायचे. एके काळी यांच्या आवाजाने पोरं चळचळा कापायची म्हणे. आता विचारलं की "बरं आहे", नाही विचारलं की काहीच नाही. दर आठवड्याला पँट कमरेवर आणखी सैल व्हायची. मी हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे, असं वाळत जाणं रोज बघते, आणि घरी आले की तेच समोर. माझी जिद्द हळूहळू भीतीत बदलत गेली, हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही.

अशात नवऱ्याने कॅरव्हॅन आणली, गाडीमागे जोडून ओढायची चाकांवरची खोली. लग्नाआधी तो प्रोजेक्टवर दोन वर्षं कॅनडात होता. तिथे लोक गोठलेल्या तळ्यावर खोपटं ओढून नेतात, बर्फाला भोक पाडतात आणि आत शेकोटी करून मासे धरतात. लोक हनिमूनच्या आठवणी सांगतात, तसा हा त्या खोपटाच्या सांगायचा. ऑफिसातल्या कुणाच्या ड्राइव्हवेवर एक कॅरव्हॅन वर्षानुवर्षं पडून होती. "घेऊन जा, उपकार होतील," असं तो म्हणाला आणि हा घेऊन आला. हिरवट शेवाळ चढलेली, एक खिडकी टेपने चिकटवलेली. आत शिरल्यावर ओल्या घोंगडीचा वास.

"स्कॉटलंडात तळी गोठतात का रे?" मी विचारलं.

"कधीकधी गोठतात."

"कधीकधी! घरात माणूस धड जेवत नाही आणि याला बर्फातले मासे सुचतायत." मी आणखी पुष्कळ बोलले. माझं तोंड सुरू झालं की लवकर थांबत नाही. बोलता बोलता लक्षात आलं की बाबा खुर्चीतून उठून, पायात चपला अडकवून खाली गेले आहेत आणि कॅरव्हॅनभोवती फिरतायत. आपणहून! वाकून चाकं बघितली, दार उघडलं, आत पाय ठेवला तर तळ मऊ, भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा दबला. "हे कुजलंय," ते म्हणाले. त्या पहिल्या रात्रीनंतर तीन आठवड्यांत त्यांनी आपणहून बोललेलं हे पहिलं वाक्य. मी तोंड मिटलं. कॅरव्हॅन राहिली.

पुढचे शनिवार-रविवार त्या डब्यात गेले. बाप-लेकाला स्क्रूड्रायव्हर कुठून धरायचा हेही धड माहीत नव्हतं. माझ्या वडिलांचं नागपुरात फर्निचरचं दुकान, मी करवतीच्या आवाजात वाढलेली. म्हणून कापाकापी माझ्याकडे आली, मापं बाबांकडे आणि टॉर्च धरायचं काम नवऱ्याकडे. जुनी गादी, कपाटं, संडासाची केबिन काढून कौन्सिलच्या कचरा डेपोवर नेली. भिंतींना चंदेरी फोम लावला, त्यावर कुणाचं तरी जुनं कार्पेट. एका कोपऱ्यात छोटी लाकडाची शेगडी, धुराडं छतातून बाहेर. मूळचा स्वयंपाकाचा गॅस तपासून घेतला आणि तसाच ठेवला. विषारी धुराचा अलार्म मी दोन लावले, कारण एकावर माझा विश्वास नसतो.

मासे धरायचं भोक कुठे पाडायचं यावर मात्र बाप-लेकाची जुंपली. नवऱ्याला ते मधोमध हवं होतं, कॅनडात असायचं तसं. बाबा म्हणाले, "जिथे कुजलंय तिथेच पाड. नाहीतरी तो भाग काढायचाच आहे. चांगली लाकडं कशाला कापतोस?" खालचा लोखंडी सांगाडाही तिथे आड येत नव्हता. मी म्हटलं, "ऐक हेडमास्तरांचं." बाबांनी गुडघे टेकून चौकोन आखला, कर्ण मोजले, खोडला, परत आखला. मी करवत हातात घेऊन ताटकळतेय आणि यांचं काटकोनाचं चाललंय.

"बाबा, माशाला काय कळणारेय काटकोन?"

"माशाला नाही कळत. मला कळतं," ते म्हणाले. आणि हसले. खरंच हसले. मी मान खाली घालून करवत चालवली, उगाच जोरात.

माझ्याबरोबरच्या नर्सच्या मावशीचं डोंगरात मेंढ्यांचं फार्म होतं आणि फार्मवर एक छोटं तळं. मावशीबाई सत्तरीच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. तळ्यात त्यांनी रेनबो ट्राउट मासे सोडले होते. बाईंनी एक अट घातली: बर्फ कितीही जाड दिसला तरी त्यावर पाऊल ठेवायचं नाही. नवऱ्याचा चेहरा पडला. पण तळ्याला एक जुना दगडी धक्का होता आणि त्याच्या मधोमध पूर्वी होडी आत घ्यायची अरुंद खाच. बाईंच्या ट्रॅक्टरने कॅरव्हॅन तिथे नेली, खाचेच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक. आमचा चौकोन बरोबर पाण्यावर आला. भोकाला बिजागरीचं झाकण केलं, म्हणजे चहाचा कप घेऊन कुणी थेट तळ्यात जायला नको.

बर्फ काही नव्हता. नोव्हेंबरात नुसता वारा. झाकण उघडलं की खालून असा गार झोत यायचा की शेगडीपाशी बसूनसुद्धा नाक बधिर. पण बाबा त्या चौकोनाशी बसले ते बसलेच. लहानपणी खाडीवर बसायचे तसे, एका बोटावर दोरी घेऊन. पहिला ट्राउट लागला तेव्हा मी किंचाळले. बाबांनी त्याला अलगद वर घेतलं, ओल्या हातांनी गळ काढला, आणि परत पाण्यात सोडून दिलं.

"अहो! काय केलंत?"

"इथे सोडतात ना? तुझा नवरा सांगत होता, इथले लोक धरतात आणि सोडतात." त्यांना ही रीत फारच पसंत पडली होती. "हे बरं आहे. त्याला जीव, आपल्याला खेळ."

आता काय बोलणार, कपाळ! तिथे एखादा न्यायची परवानगी होती, बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं. पण बाबा दर शनिवारी धरायचे आणि सोडायचे, वर "जा बाबा, जा" असा निरोप. मी मात्र दर शनिवारी पिशवीत नारळाच्या दुधाचा डबा, मसाला, चिंच आणि तांदूळ घेऊन जायचे आणि तसंच परत आणायचे. नवरा ती पिशवी बघून हसायचा. मी त्याच्याशी त्या विषयावर बोलणं बंद केलं.

डिसेंबरात एकदम थंडी पडली. अशी थंडी आम्ही इथे आल्यापासून पाहिली नव्हती. नळ गोठले, शाळा बंद, बसेस बंद. रस्ता थोडा मोकळा झाल्यावर आम्ही फार्मवर पोचलो तर सगळं तळं पांढरं. नवरा लहान पोरासारखा धक्क्यावर नाचला. झाकण उघडलं, खालच्या बर्फाला लोखंडी सळईने भोक पाडलं, आणि त्याचं कॅनडा एकदाचं स्कॉटलंडात आलं. त्याने भोकाचे इतके फोटो काढले की कॅमेऱ्याची बॅटरी गेली.

दुपारी बाबांच्या बोटावरची दोरी ताणली गेली. मोठा होता, भोकातून वर घेताना शेपटीने बर्फाचे तुकडे उडवले. पण गळ खोल गेला होता, अगदी घशाच्या आत. बाबांनी हळूहळू काढायचा प्रयत्न केला. कल्ल्यांतून रक्त यायला लागलं. ते थांबले. मासा मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले, कोट भिजत होता तरी.

"ह्यो काय जगूचो नाय," ते म्हणाले. माझ्याशी नेहमी शाळेतलं मराठी बोलणारा माणूस. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पिशवी आणलीस ना? कर."

म्हणजे त्यांना पिशवीचं माहीत होतं!

मासा साफ करायला मला येत नव्हतं. त्यांनीच सुरी मागितली. हात सराईत चालत होते. खवलं काढता काढताच ते बोलायला लागले, कुणी विचारलं नव्हतं.

"तिची किडनी गेल्यावर डॉक्टरांनी पथ्य लिहून दिलं होतं. मीठ नाही, चिंच नाही, हे नाही, ते नाही. मी ते भिंतीला चिकटवलं होतं. शेवटच्या महिन्यात तिला कालवण हवं होतं. बांगड्याचं. एक घास दे म्हणाली. मी म्हटलं, बरी झालीस की खा." सुरी थांबली. "तिणां मागल्यान, आणि मियां दिलंय नाय."

नवरा शेगडीत लाकूड घालत होता, तो तसाच वाकून राहिला. त्यालाही हे नवीन होतं. आणि मी? तीन महिने मी समजत होते की हा माणूस माझ्या हातचं टाळतोय! लाज वाटली, आणि माझ्या स्वभावाप्रमाणे मला रागच आला.

"मग?" मी म्हटलं. "तुम्ही आईंना जगवायला बघत होतात ना? माझ्या पेशंटांचे नवरेसुद्धा हेच करतात, रोज. पथ्य सांभाळलं म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. आणि तुम्ही असे उपाशी राहिलात तर आईंना ते पोचणार आहे का? त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी अर्धपोटी उठलं असतं तर त्यांना चाललं असतं?"

"नसतं चाललं," ते म्हणाले. आणि तुकडे माझ्याकडे दिले.

मी कालवण केलं. मसाला जरा जास्तच पडला. काचा वाफेने आंधळ्या झाल्या, म्हणून छताची खिडकी उघडली. भात झाला. पहिलं ताट बाबांनी मागून घेतलं. त्यावर भात वाढला, पोटाकडची चांगली तुकडी ठेवली, कालवण ओतलं. गेलेल्या माणसासाठी वाडी काढतात तशी. घरी असते तर कावळ्यासाठी कौलांवर ठेवली असती. इथे ते चौकोनाशी गुडघ्यांवर बसले, ताट बर्फातल्या भोकात हळूच रिकामं केलं आणि हात जोडले. आम्हीही जोडले. मीठ, चिंच, सगळं होतं त्यात.

मग बाप-लेक जेवायला बसले. मी वाढलं. बाबांचं ताट समोर होतं, पण ते खात नव्हते. मला वाटलं, झालं, वाडी दिली, आता परत भाजी मागतील. आणि भाजी तर मी आणलीच नव्हती. मी पातेलं धरून उभी. नवऱ्याने घास हातात घेऊन ठेवलेला.

बाबांनी तुकडीतले काटे काढले, एकेक करून, कडेला ओळीत लावले. भातात कालवून घास केला. आणि तो माझ्यापुढे धरला.

"अहो बाबा, तुम्ही खा ना! माझं नंतर."

"आमच्या घरात करणारी नंतर जेवायची," ते म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं तिने सगळ्यांना वाढलं आणि उरलेलं खाल्लं. मी एकदाही म्हटलं नाही, ये, बस, आधी तू खा. सुचलंच नाही. सुचलं तेव्हा तिला खाता येत नव्हतं." घास तसाच धरलेला, रस मनगटावरून ओघळत होता. "पयली तू खा गो."

मी हातात पातेलं घेऊन तोंड उघडलं. रडत होते, त्यामुळे चव काय लागली ते आजही सांगता येणार नाही. मला त्यांना माझ्या हातचं खायला घालायचं होतं, त्यासाठी दर शनिवारी पिशवी वाहिली, आणि मीच त्यांच्या हातचं खात उभी होते. त्यांनी दुसरा घास मला दिला, तिसराही. मग पातेलं माझ्या हातातून काढून खाली ठेवलं, मला बसवलं, आणि आपलं ताट पुढे ओढून जेवायला लागले.