डबा बोलतोय

शिट्टीताईला खरं नाव होतं, पण ते आता तिच्या आईच्या तोंडी तेवढं उरलं होतं. दिवसभर ती शिवणकारखान्यात शर्टांना काजं करायची आणि संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून शाळेच्या मैदानावर मुलींना व्हॉलीबॉल शिकवायची. लग्नाचा विषय कुणी काढलाच तर म्हणायची, "नेटच्या पलीकडे उभं राहायला कुणी धजत नाही, मी काय करू?"

संघ गुणी होता, पण मुका. या खेळात बॉल कोण घेणार ते "माझा!" म्हणून ओरडावं लागतं. आमच्या या बाया एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसायच्या आणि एकमेकींना फोनवर लिहायच्या. मग मैदानात तोंड कुठलं उघडायला! बॉल दोघींच्या मधे पडायचा आणि दोघी त्याच्याकडे बघत राहायच्या, पाहुण्याला पाणी कुणी द्यायचं ते ठरलं नसल्यासारख्या.

म्हणून ताईनं नियम काढला. गाडीत बसल्यापासून खेळ संपेस्तोवर सगळे फोन पत्र्याच्या डब्यात. "माझासुद्धा," म्हणाली आणि पहिला आपलाच टाकला.

मुली कुरकुरल्या नि गप्प झाल्या. कप्तान पोरीचे वडील मात्र गॅरेजमधून तेलकट हातांनीच आले. "हे बघा, पोरीला फोन लागला नाही आणि काही गडबड झाली, तर ती संघात नाही. आधीच सांगून ठेवतो." ताई "बरं" म्हणाली. ती पोर गेली तर सहाजणी भरत नव्हत्या. संघच मोडला असता.

आणि गडबड पहिल्याच सामन्याला झाली.

गाडीत डबा ताईच्या मांडीवर होता. आत एक फोन वाजला, मग दुसरा, मग सगळा डबाच थरथरायला लागला.

"ताई, डबा बोलतोय."

"बोलू दे. तुम्ही पण बोला."

"कुणाची तरी आई असेल हो."

"सगळ्यांच्या आयांना एकदम कशी गं आठवण झाली? तुमच्या मैत्रिणी असतील, माझी गंमत करायला."

मैदानावर पोचल्या तर चिटपाखरू नाही. नुसता चिखल, आणि पाण्याच्या फुटलेल्या नळाशी झगडणारा माळी. "सामना? तो मघाशीच तळ्यामागच्या मैदानावर हलवला. सामन्याचे साहेब केव्हाचे फोन लावतायत तुम्हा सगळ्यांना!"

ताईचा चेहरा पडला. कप्तान म्हणाली, "ताई, आधी हसू की आधी पळू?"

"पळा गं बायांनो!"

मग गाडीत जो कालवा झाला! "डावीकडे!" "अगं उजवीकडे!" "ड्रायव्हरकाका, हिचं ऐकू नका!" पोचल्या तेव्हा पंच सामना समोरच्यांना देऊन टाकायच्या बेतात होते. अंग गरम करायला वेळ मिळाला नाही, पण गळे गरम झाले होते. "माझा!" "सोड, माझा!" करत झुंजल्या, आणि शेवटी थोडक्यात हरल्या.

मैदानाच्या दोरीपाशी सामना बघायला आलेले कप्तानचे वडील उभे होते, लाल होऊन. "सांगितलं होतं ना मी?"

ताईनं सारवासारव केली नाही. "चूक माझी. सगळ्यांच्या फोनबरोबर माझाही कोंडला, हा शहाणपणा नडला. यापुढे माझा बाहेर राहील. हवा तेव्हा लावा, मी पोरीला बोलवीन."

"आणि नाही उचललात तर?"

"तर मला काढा. पोरीला नको."

वडिलांनी मैदानाकडे तोंड करून लेकीला हाक मारली, "चल गं, घरी चल!"

तिकडे ती शेजारी खेळलेल्या पोरीशी हमरीतुमरीवर आली होती. "शेवटचा माझाच होता!"

"मग ओरडलीस का नाही?"

"ओरडले! तूच बहिरी!"

"अगं चल म्हणतोय ना!"

"बाबा, थांबा जरा," लेक मागे न बघताच म्हणाली, "आमचं भांडण अर्धं राहिलंय."

बाकीच्याही तिथंच घोळका करून दोघींना चढवत होत्या. वडील बघत राहिले. मग त्यांनी खिशातून आपला फोन काढला आणि ताईकडे वळले.

"सांगा नंबर तुमचा."