मालधक्क्यामागचा प्लॅटफॉर्म

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचतो आणि खरं सांगायचं तर अर्धेअधिक हसण्यावारी नेतो. वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटीत माझी तीस वर्षं गेली. माप बसलं तर पास, नाही तर रिजेक्ट... एवढंच मला कळतं. भूतखेत, बाहेरचं, असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. आजही मानत नाही. तरी लिहितोय. गेल्या महिन्यात आई वारली. जिच्यापासून हे लपवायचं होतं ती आता नाही.

गोष्ट आपल्या स्टेशनवरची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. छोटी लाईन उखडून मोठी टाकली, त्याच्यानंतरची एक-दोन वर्षं. आम्ही गारखेड्यात राहायचो. माझी धाकटी बहीण शकू एकोणीस वर्षांची होती, सेलूच्या पुढं एका खेड्यात दिलेली. आमच्यात नागपंचमीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो. म्हणजे बहुतेक भाऊच. आणि सण झाला की परत नेऊन सोडायचंही त्यानंच. मुराळ्याशिवाय लेक उंबरा ओलांडत नाही.

त्या पंचमीला मी तिला घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी न्हाणीत पाठ चोळताना आईला वळ दिसले. जुने काळे पडलेले, काही ताजे. आई रात्रभर रडली आणि सकाळी म्हणाली, "बाई, दिल्या घरी नांदावं लागतंय."

मी गप्प बसलो. का, ते आज लिहितो. त्याच आठवड्यात माझी सोयरीक जुळत आली होती. बहीण नांदत नाही, माहेरी येऊन बसली, हे कळलं असतं तर पाहुणे फिरले असते. एवढंच कारण. दुसरं काही नव्हतं.

निघालो त्या दिवशी दुपारचे साडेबारा झाले असतील. लख्ख ऊन होतं आणि पॅसेंजर लेट. आम्ही बाकावर चहा घेत होतो.

"दादा, पाहुण्यांना सांगितलं का, नवरदेव बशीतनं फुर्र करून पितो म्हणून?"

"गप ए."

"वहिनी पळून जाईल बघ." ती हसली. मग कप खाली ठेवून म्हणाली, "मला नको ना नेऊ. मी काय तुम्हाला जड नाय होणार. कुणाच्या घरी भांडे घासीन."

"शके, लोक बघायलेत."

ती उठली आणि प्लॅटफॉर्मच्या टोकाकडं चालायला लागली. मी ट्रंक उचलून मागं गेलो. टोकाची उतरण उतरली, मालधक्क्याला वळसा घातला, आणि थांबली. मीही थांबलो.

समोर एक प्लॅटफॉर्म होता. बुटका, दगडी फरशीचा, नुकताच धुतल्यासारखा ओला. पिवळी पाटी होती, पण तिच्यावर कुठल्याच गावाचं नाव नव्हतं. छोट्या लाईनवर तीन डब्यांची गाडी उभी. कडेच्या लिंबाला झोका बांधलेला. आणि सगळ्या बायकाच. नव्या नवऱ्या, लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या... हातावर पंचमीची मेंदी, काखेत गाठोडी. पोरी सासरी निघाल्या की स्टेशनवर जो रडारडीचा आवाज असतो, तो तिथं अजिबात नव्हता. कुणी तरी मोठ्यानं हसत होतं.

डब्याच्या दारात एक नऊवारीतली म्हातारी उभी होती. शकूनं तिला विचारलं, "मावशे, कुठं जाते ही?"

"तुला कुठं जायचंय?"

"मला... नांदायला नाय जायचं."

"मग बैस की."

शकूनं पाय उचलला. म्हातारीनं हात आडवा धरला. "अशी नाय बाई. मुराळ्यानं हात धरून चढवावं लागतं. ज्यानं आणलं त्यानंच." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "व्हय रे बाबा, दिसायलं का तुला?"

शकू वळली. तिचा तो चेहरा... तीस वर्षं रोज बघतोय मी तो. इतकी आशा मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिली नाही.

"दादा, दिसतंय ना तुला? सांग की. दिसतंय ना?"

मला सगळं दिसत होतं. ओल्या फरशीत त्या झोक्याची सावली हलत होती, तीसुद्धा.

मी म्हणालो, "काय दिसायचंय तिथं? भिंत आहे. चल, गाडी येईल."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी खोटं बोलतोय हे तिला कळलं असणार.  मनगट धरून मी तिला परत आणलं. तोच हात, जो धरून तिला चढवायचं होतं.

पॅसेंजर सुटली तेव्हा मी खिडकीतून बघितलं. ती तीन डब्यांची गाडी मोकळ्या माळावरून चालली होती, जिथं रूळच नाहीत, गुरं चरत होती. गुरांनी मान वर करून वाट दिली. शकू खिडकीकडं पाठ करून बसली होती.

गौरी-गणपतीच्या आधीच निरोप आला. विहिरीवर पाय घसरला, म्हणाले. पाणी ओढताना. मुराळी म्हणून पुन्हा मीच गेलो, या वेळी आणायला काही नव्हतं.

तिचे दिवस घातल्यावर मी स्टेशनवर गेलो. मालधक्क्यामागं भिंत होती, तिला लागून बाभळी. तिथल्या रेल्वेच्या एका जुन्या खलाशाला विचारलं. तो म्हणाला, "इधर? इधर कब था जी प्लॅटफॉर्म? मेरे वालिद भी यहींच नौकरी किये." मग माझं तोंड बघून त्यानं मला सावलीत बसवलं, पाणी दिलं.

माझं लग्न सोयरीक जुळत आलेल्या त्याच घरी झालं. संसार चांगला झाला, हेच बोचतं. आई दर पंचमीला विचारायची, "जाताना काय म्हणाली रे माझी शकू?" मी सांगायचो, "हसत गेली." शेवटी दवाखान्यातही तिनं हेच विचारलं, आणि मीही तेच सांगितलं.

उन्हाचा झटका, भास... सगळं लावून बघितलं. मग दोघांना एकच भास कसा?  स्टेशनवर अजूनही जातो, दर पंचमीनंतर, त्याच दुपारच्या वेळी. भिंतीपाशी उभा राहतो. मला आता काहीच दिसत नाही... आणि ते बरोबरच आहे.

तुमच्यापैकी कुणी तिथून जात असेल, सोबत बहीण असेल, आणि ती काही दाखवून विचारायला लागली, तर फार विचार करू नका. हो म्हणा.