डाव्या बाजूचा आरसा

आमच्या ताईला लायसन्स मिळालं, त्याच संध्याकाळी तिने शेजारच्या शिंप्याची पाटी पाडली. शिंपी कुणाचं तरी माप घेत होता, तो टेप गळ्यात तसाच ठेवून धावत बाहेर आला. ताई गाडीतून उतरली, पाटी उचलली, हाताने पुसली आणि म्हणाली, "खिळे गंजले होते हो तुमचे. आज ना उद्या कुणाच्या तरी डोक्यात पडली असती. बरं झालं, मीच पाडली." भांडावं की आभार मानावेत, हे शिंप्याला कळेना. शेवटी तो "बरं" म्हणाला आणि पाटी घेऊन आत गेला.

ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. आमचं काचेचं आणि आरशांचं दुकान आहे. थोरले दीर काच कापतात, ताई फ्रेमा जोडते, आणि मी गल्ल्यावर बसून दोघांना बोलत असते. माझे यजमान फिरतीच्या नोकरीवर, त्यामुळे ते घरात पाहुण्यासारखे येतात आणि जातात. दुकानाची एक छोटी व्हॅन आहे. तिच्या मागच्या सीटा काढून भाऊजींनी लाकडी घोडा बसवून घेतलाय, म्हणजे काच त्याला टेकवून उभी नेता येते. काच कधी आडवी न्यायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. आडवी काच एका खड्ड्यात मोडते, उभी काच रस्ताभर तगते.

ती व्हॅन इतकी वर्षं भाऊजीच चालवायचे. मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. जन्मभर काच कापली, आणि डोळ्यांनाही झालं ते काचेचंच दुखणं, असं ते स्वतःच म्हणतात आणि कुणी हसलं नाही की रागावतात. समोरचं त्यांना नीट दिसतं, पण कडेचं गेलं. नळीतून बघावं तसं बघतात. काच ते अजून झकास कापतात, कारण त्यात डोळ्यांपेक्षा बोटांचं काम जास्त. गाडी मात्र डॉक्टरांनी साफ बंद केली.

मग आम्ही भाड्याचा टेम्पो लावला. टेम्पोवाल्याला उभी आणि आडवी यांतला फरक सांगून सांगून माझा घसा बसला, आणि त्याने दोनदा आमचे आरसे गिऱ्हाइकाच्या दारात तुकड्यांनी पोचवले. मोठी कामं हळूहळू दुसऱ्या दुकानांकडे जायला लागली. एक दिवस भाऊजी जेवता जेवता म्हणाले, "व्हॅन विकून टाकू. फोटोच्या फ्रेमा करत बसू. म्हातारपणी तेवढं पुरे."

"मी शिकते चालवायला," ताई म्हणाली.

"आता? या वयात?"

"मग कधी? पुढच्या जन्मी?"

भाऊजी हात धुवायला उठले. पण मी त्यांचं ताट उचलताना पाहिलं, त्यांनी भाताला हातही लावला नव्हता. गाडी गेली तर मोठे आरसे गेले, आणि मोठे आरसे गेले की हा माणूस आतून बसणार, हे ताईलाही दिसलं होतं आणि मलाही.

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी ताईला शिकवलं म्हणण्यापेक्षा ताईने त्यांना सोसायला शिकवलं. पण पास झाली ती पहिल्या फटक्यात. नंतरचे दिवस आमच्या गल्लीला चांगले लक्षात आहेत. सिग्नलला गाडी बंद पडायची, मागून हॉर्नचा कल्लोळ उठायचा, आणि ताई खिडकीतून मान काढून शांतपणे म्हणायची, "भाऊ, घाई असेल तर वरून जा." आजूबाजूचे सगळे उंटावरचे शहाणे तिला सल्ले द्यायचे. ज्या न्हाव्याने आयुष्यात सायकल चालवली नाही, तो तिला क्लच कसा सोडावा ते सांगायचा. ताई सगळं ऐकून घ्यायची आणि आपल्याला हवं तेच करायची. मला तिचं नवल वाटायचं. मी त्या जागी असते तर तिसऱ्या दिवशी किल्ली विहिरीत टाकली असती.

भाऊजी तेव्हा तिच्या शेजारी बसायचे. बसायचे कसले, पाय समोरच्या पत्र्यावर रोवून ब्रेक दाबायचे. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही, तरी दाबायचे. तिथली रबरी चटई त्यांच्या टाचेने झिजून गेली. "अगं थांब! अगं डावीकडे! अगं तो ट्रक!" आणि ताई म्हणायची, "अहो, ट्रक उभा आहे. त्याला चालक पण नाही."

पुढे गल्लीच्या तोंडाशी विजेच्या खांबाला घासून डाव्या बाजूचा आरसा फुटला. त्याचं कारण धंद्यातच होतं. फ्रेममध्ये काच बसवताना आम्ही दोन सूत, म्हणजे पाव इंच, जागा सोडतो, तेवढी पुष्कळ होते. ताईने खांबाशीही दोन सूतच सोडली. "माप बरोबर होतं," ती खाली उतरून म्हणाली, "खांबच जरा वाकडा आहे."

"नाचता येईना अंगण वाकडं," भाऊजी म्हणाले. "मी या गाडीत पुन्हा बसणार नाही." आणि खरंच बसले नाहीत.

ताईवर त्याचा काडीचाही परिणाम झाला नाही. "जिवावरचं काचेवर निभावलं," म्हणाली आणि कामाला लागली. मी म्हटलं, "चौकात स्पेअर पार्टवाला आहे, त्याच्याकडून नवा आणते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आपल्या दुकानात आरशांची रास पडलीय, आणि मी आरसा विकत आणू? लोक तोंडात शेण घालतील."

तिने चांगला जाड आरसा निवडला, कागदावर जुन्याचा आकार काढला, काच कापायची हिरकणी फिरवली, कडा घासल्या आणि बसवून टाकला. इतका स्वच्छ आरसा त्या गाडीला कधी नव्हता. मी त्यात माझी टिकली सरळ केली.

आणि तिथून सगळं बिघडलं. आधी भाजीवालीची टोपली चाकाखाली गेली. मग सोसायटीच्या भिंतीला डावी बाजू लांबलचक घासली. ताई म्हणायची, "भिंत कुठून आली, कळलंच नाही." आम्ही हसलो. मग एका दुपारी डावीकडे वळताना शेजारून एक शाळकरी मुलगी सायकलवरून येत होती. ताईने गाडी वळवली, मुलीने घाबरून पाय टेकला, सायकल आडवी झाली. लागलं काही नाही. मुलगी उठून कपडे झटकून निघूनही गेली. पण ताई घरी आली ती पांढरीफटक.

"मला दिसलीच नाही गं," ती म्हणाली. "मी आरशात बघितलं होतं. नीट बघितलं होतं. ती तिथे नव्हतीच."

एवढं बोलून तिने व्हॅनची किल्ली खिळ्याला अडकवली. शिंप्याची पाटी, भाजीची टोपली, भिंत, सगळं तिने हसण्यावारी नेलं होतं. या वेळी ती हसली नाही, आणि मला पहिल्यांदाच तिची काळजी वाटली. भाऊजींनी काही टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "पुरे झालं आता," आणि दूधवाल्याला निरोप पाठवला. त्याला व्हॅन हवीच होती. शनिवारी संध्याकाळी बघायला येतो म्हणाला.

शनिवारीच नृत्याच्या क्लासचे आरसे पोचवायचे होते. माणसाहून उंच, भिंतभर आरसे. भाऊजींनी ते बोटांनी चाचपून चाचपून कापले होते. असं काम पुन्हा हातून होईल की नाही, हे त्यांच्या मनात होतं, म्हणून एकेका कडेवरून ते दहादा हात फिरवत होते. सकाळी भाऊजींनी बोलावलेला तोच जुना टेम्पोवाला आला. त्याने तळाला पोती अंथरली आणि पहिलाच आरसा आडवा घालायला उचलला.

ताई दारात उभी होती. "ठेवा खाली," ती म्हणाली.

"काही होत नाही हो बाई."

"ठेवा म्हणते ना! तुमच्या हातून दोनदा काही झालंय. चहा प्या आणि निघा."

तो चहा न पिताच निघाला. ताईने आत जाऊन खिळ्यावरची किल्ली काढली. "चला," ती मला म्हणाली, "तू मागे आरशांपाशी बस. आपणच नेऊ."

"मी येतो," भाऊजी म्हणाले. आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो. "आरशांसाठी येतोय. तुझ्यासाठी नाही."

आम्ही तिघांनी मिळून आरसे घोड्याला टेकवून बांधले. भाऊजी डाव्या दाराशी गेले. चढताना आधाराला म्हणून त्यांनी हात पुढे केला, तो नेमका त्या बाहेरच्या आरशावर पडला. ते तिथेच थांबले. अंगठा आरशावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. पुन्हा फिरवला.

"हा कुणी बसवला?"

"मी," ताई म्हणाली. "आपल्यातलाच आहे. चांगला जाड."

"अगं, हा सपाट आहे!"

"मग? आरसा सपाटच असतो."

"घरातला! गाडीच्या डाव्या आरशाला पोट असतं. फुगीर असतो तो. त्यात माणूस लहान दिसतो, पण कडेचं सगळं दिसतं. तू सपाट लावून कडच कापून टाकलीस की." ते थांबले, आणि मग हळूच म्हणाले, "मला नाही कळणार तर कुणाला? मी आता तसाच बघतो."

ताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आजवर मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, निदान गाडीपायी तरी नाही. "म्हणजे ती मुलगी..."

"या आरशात दिसलीच नसती. तुला काय, कुणालाच नसती दिसली. शहाणी मोठी! आरशाच्या दुकानात जन्म काढला आणि आरशानेच फसलीस."

मी कुणाच्या सांगण्याची वाट बघितली नाही, चौकाकडे पळालेच. स्पेअर पार्टवाल्याने मला ओळखलं आणि पोट धरून हसला. "आरसेवाले आरसा विकत घ्यायला आले! आज दुकानाला टाळं लावायला हरकत नाही." मी म्हटलं, हसा, पण लवकर द्या. भाऊजींनी तो स्वतःच्या हाताने बसवला. ताई आपल्या जागेवर बसली, आरशात बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई! शिंप्याचं अख्खं दुकान दिसतंय."

आम्ही निघालो. मी मागे उशीवर बसून दोरी घट्ट धरली होती. भाऊजींचा पाय पहिल्या वळणापासून पत्र्यावर. "हळू. अगं हळू. आरसे आहेत." ताईचे डोळे एकदा रस्त्यावर, एकदा आरशात. गाडीची चाल संथ होती आणि तिची मान ताठ. एकदाही गाडी बंद पडली नाही. मी मनात म्हटलं, आज ही वेगळीच ताई गाडी चालवतेय.

क्लासच्या गल्लीत डावीकडे वळायचं होतं. ताईने वेग कमी केला, आरशात बघितलं आणि गाडी जागच्या जागी थांबवली. आरसे हललेसुद्धा नाहीत.

"काय झालं?" भाऊजी म्हणाले. "का थांबलीस? रस्ता मोकळा तर आहे."

त्याच वेळी त्यांच्या खिडकीला लागून एक मुलगा सायकलवरून सळसळत पुढे गेला. मागे पाव बांधलेले, तोंडाने शीळ. भाऊजींनी मान पूर्ण वळवली तेव्हा कुठे तो त्यांना दिसला. आणि तोवर तो गेलाही होता.

"मला दिसला नाही," भाऊजी म्हणाले.

"मला दिसला," ताई म्हणाली, आणि गाडी वळवली.

क्लासमध्ये आरसे उतरले, एकाच्याही कोपऱ्याला टवका नाही. नृत्याच्या बाईंनी भिंतीवर पहिला आरसा लागताच त्याच्यासमोर एक गिरकी घेतली, तेव्हा भाऊजी हसले. बाई म्हणाल्या, "पलीकडची भिंतही करायची आहे, जमेल?" भाऊजींनी ताईकडे बघितलं. उत्तर तिने दिलं. "जमेल की. पुढच्या आठवड्यात आणते."

परतताना मागे जागाच जागा होती. ताईने रेडिओ लावला, आवाज बारीक ठेवला. ऊन उतरलं होतं, रस्ता बराच मोकळा. जरा वेळाने मला वाटलं, पुढे फारच शांत आहे. मी वाकून बघितलं. भाऊजींची मान खिडकीला टेकली होती, तोंड किंचित उघडं. दुसरं कुणी गाडी चालवत असताना या माणसाने आयुष्यात कधी डोळे मिटले नव्हते. बसमध्येसुद्धा ते चालकाला मागून सूचना देतात. मी खाली बघितलं. उजवा पाय पत्र्यावरून घसरून झिजलेल्या चटईवर आडवा पडला होता.

दुकानापाशी दूधवाला येऊन थांबला होता. ताईने व्हॅन शिंप्याच्या पाटीपासून चांगली हातभर लांब लावली आणि काच खाली केली.

"नमस्कार," दूधवाला मोठ्याने म्हणाला, "गाडी बघायला आलोय..."

"शू! हळू बोला." ताईने ओठांवर बोट ठेवलं. "गाडी विकायची नाहीये. आणि ते झोपलेत."

दूधवाला गेला. मी मागचं दार आवाज न करता लावलं आणि चहा टाकायला आत गेले. ताई गाडीतच बसून राहिली, हात स्टिअरिंगवर, भाऊजी आपणहून जागे होईपर्यंत.